कापसाचा बोळा आणि तिसरा कान

टेलिफोन खात्यात नोकरी केली असं सांगितलं की लोक जरा पुढे सरकून बसतात आणि हमखास विचारतात, "मग तुम्ही सगळ्यांचं ऐकलं असेल, नाही?" लग्नात विचारतात, मयतीला विचारतात. या अंकाच्या संपादकांनीही पत्रात तेच विचारलंय, फक्त जरा सभ्य शब्दांत. तर सांगून टाकतो. ऐकलं. आणि त्यात बहुतेक बाजरीचा भाव होता, सरकीचा भाव होता, आणि "अहो, जरा मोठ्यानं बोला" हे होतं. लोकांच्या गुपितांविषयी लोकांच्या फार मोठ्या कल्पना असतात.

मला स्वतःला कुतूहल होतं ते वेगळंच. ऐकणाऱ्याचं पुढे काय होतं? दुसऱ्याची गोष्ट एकदा कानात शिरली की ती जाते कुठे? याचं थोडंफार उत्तर मला चाळीसच्या दशकात नगरच्या एक्स्चेंजमध्ये मिळालं. सांगायला हरकत नाही, कारण त्यातले बहुतेक जण आता कोणाच्या चौकशीला हजर राहण्यापलीकडे गेलेत.

आमचं घर रंगाऱ्यांचं. वडील पागोटी आणि लुगडी रंगवायचे. त्यांचे हात कोपरापर्यंत आज लाल तर उद्या निळे असत, आणि कोणाच्या घरी लग्न आहे हे मोहल्ल्याला त्यांच्या हातांवरून कळायचं. मी मॅट्रिक झालो तेव्हा त्यांनी एकच सांगितलं, "इब्राहिम, ज्याचा डाग हाताला लागत नाही असं काम बघ." मी टेलिफोनचं काम बघितलं. डाग कुठे कुठे लागतात हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

आजच्या पोरांना नुसता आकडा फिरवायचं माहीत, म्हणून तेव्हाची रीत थोडक्यात सांगतो. गावात मोजकेच फोन. कलेक्टर, लष्कर, दवाखाने, चार वकील आणि कापडबाजारातले व्यापारी. आमच्यासमोर एक उभा लाकडी बोर्ड असायचा, त्यात भोकांच्या रांगा, आणि प्रत्येक भोकाला पितळी झडप. कोणी घरी बसून फोनचा दांडा फिरवला की त्याच्या नावची झडप खट्कन पडायची. आपण दोरीचं टोक त्या भोकात खुपसायचं, "नंबर?" म्हणून विचारायचं, जोडीचं टोक दुसऱ्या भोकात घालायचं आणि पलीकडची घंटी वाजवायची. दोघं बोलायला लागले की आपली ऐकण्याची कळ मागे ओढून बाजूला व्हायचं. पुण्या-मुंबईला बोलायचं असलं तर तो ट्रंक. त्याला वेळ लागायचा आणि पैसेही, म्हणून ट्रंकवर लोक ओरडायचे. पुणं लांब आहे तर आवाज मोठा लागणार, असा साधा हिशेब.

नोकरीवर घेताना आमच्याकडून शपथ घेतली होती. कानावर आलेलं बाहेर सांगणार नाही अशी. मला ती सोपी वाटली. खरं काम शपथेच्या आधीचं असतं. कळ मागे ओढायला अर्धा क्षण उशीर झाला तरी शब्द येतातच. ते येऊ द्यायचे आणि धरायचे नाहीत. बाजारातून चालताना माणूस सगळ्या दुकानांतले आवाज ऐकतो आणि घरी काहीच आणत नाही, तसं. हे जमायला मला वर्ष लागलं. काहींना शेवटपर्यंत जमलं नाही. त्यांना खात्याने दुसऱ्या कामाला लावलं, आणि योग्य केलं.

गिऱ्हाइकांचे नमुने मात्र सांगण्यासारखे. एक वकीलसाहेब फोनवर बोलताना पायात जोडे घालूनच बसायचे, कारण समोरून जज्जसाहेब बोलण्याची शक्यता. कापडबाजारातले एक शेठ फोन ठेवताना त्याला नमस्कार करायचे. आणि माळीवाड्याजवळचे डॉक्टर कुलथे. ते फोन जोडून दिला की दर वेळी "आभारी आहे, सय्यद" म्हणायचे. बोर्डावर बसलेल्या माणसाला नाव असतं हे लक्षात ठेवणारा तो एकच माणूस. त्यांच्याकडून ऐकून पुढे दोघा-तिघांनी मला नावाने बोलवायला सुरुवात केली. मला त्यांच्याविषयी फार आदर होता, आणि पुढचं सगळं त्यामुळेच घडलं.

बेचाळीस साल आलं. किल्ल्यात सरकारने देशातले मोठे पुढारी आणून ठेवले. गावात लष्कर, वर लढाई चालू, आणि खेड्यापाड्यांत पोरं तारा तोडू लागली. माझं मन त्या पोरांकडे होतं, हे आज कबूल करायला पैसे पडत नाहीत, पण तेव्हाही होतं. तरी एक सांगितलं पाहिजे. राहुरीच्या एका घरात सून अडली होती. घरच्यांनी नगरच्या डॉक्टरला फोन लावायचा प्रयत्न केला, पण तार तुटलेली. माणूस सायकलवर निघाला. बाई वाचली, बाळ गेलं. दुसऱ्या दिवशी लाइन जोडली गेली आणि त्या घरच्या म्हाताऱ्याने मला विचारलं, "काल का वो लागंना?" त्यामुळे तारा तोडणाऱ्यांचा माग काढायला सरकार फोन ऐकणार आहे असं कळलं तेव्हा मला धक्का बसला नाही. ऐकू देत, असंच वाटलं.

आमच्या मागच्या खोलीत बॅटऱ्या असायच्या. काचेच्या भांड्यांत, पाण्यात बुडवलेल्या. त्या खोलीत एक खुर्ची आली आणि खुर्चीवर जगताप जमादार आले. पाथर्डीकडचे, आडव्या हाडाचे, मिशी पांढरी व्हायला लागलेली. त्यांना ट्रंकच्या तारेवर जोडलेला एक फोन दिला. सरकारकडे नुसतं ऐकायचं यंत्र नव्हतं, म्हणून कुठल्याशा गोदामातला जुना हातातला फोनच दिला. पण त्याला बोलायचं तोंड होतं. त्यात बोललेलं तारेवर जाणार. म्हणून पुण्याच्या इंजिनीअरसाहेबांनी त्या तोंडात कापसाचा भला मोठा बोळा कोंबायला लावला आणि वरून कापडाची पट्टी बांधायला लावली. मयताच्या नाकात कापूस घालतात तसं ते दिसायचं.

काही ठरावीक लोकांनी ट्रंक मागितला की मी पायाखालचं बटण दाबायचं. मागे घंटी वाजायची, जमादार फोन उचलायचे. तो उचलला की तारेवरचा आवाज बसायचा. एका भाकरीचे तीन वाटे झाल्यावर प्रत्येकाला कमी येणार, तसंच विजेचं. मला ते लगेच कळायचं. लोकांना कळायचं नाही, ते आणखी ओरडायचे. ज्यांच्यासाठी बटण दाबायचं त्यांत डॉक्टर कुलथेही होते. ते खादी घालत, आणि लाठी खाल्लेल्या पोरांची डोकी नाव न विचारता शिवत. सरकारला तेवढं पुरे होतं. ही सगळी व्यवस्था गुप्त. कोणाला सांगितलं तर लढाईच्या कायद्याखाली तुरुंग, असं आम्हा दोघा-तिघांना बसवून सांगितलं होतं.

जमादार माणूस वाईट नव्हता. उलट मला आवडायचा. दुपारी भाकरी सोडली की अर्धी माझ्यापुढे सरकवायचा, वर ठेच्याचा गोळा. पण त्याला ऐकायचं कसं हे कोणी शिकवलंच नव्हतं. आम्ही शब्द सोडून द्यायचो, तो प्रत्येक शब्द धरायचा. मी भांड्यांत पाणी घालायला मागे गेलो की बघायचो, कानाला फोन लावून तो बसलाय आणि लाइनवरच्या माणसांशी बोलतोय. "व्हय, व्हय." "आरं तिच्या." "न्हाई, तसं करू नका शेठ, बुडताल." सगळं कापसात जायचं. एका व्यापाऱ्याच्या भावाच्या आजारपणाने तो चार दिवस बेचैन होता. मला विचारायचा, "आज त्यांचा टरंक न्हाई का वो?"

मी एकदा म्हटलं, "जमादार, आपल्याला तारा तोडणारे हवेत. बाकीचं सोडून द्यावं."

"कसं सोडू? मानसं हायेत ना ती. तुमास्नी बरं जमतं, इब्राहिमभाई."

मी हसलो. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे मला थोड्याच दिवसांत कळलं.

नेवाशाचे एक मास्तर होते. त्यांची मुलगी सुमन, संगमनेरच्या एका घरात तिची सोयरीक ठरलेली, सुपारी फुटलेली. तिला ताप येऊ लागला, खोकला हटेना. मास्तरांनी तिला डॉक्टर कुलथ्यांकडे आणलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो आणि बाकीची तपासणी पुण्याच्या एका मोठ्या डॉक्टरकडे पाठवली आणि ट्रंक मागितला. मी बटण दाबलं. डॉक्टरांनी पुण्याला मुलीचं नाव-गाव सांगितलं आणि म्हणाले, "मला क्षयाचा संशय आहे. नक्की होईपर्यंत कोणाला कळता कामा नये. लग्न ठरलंय." एवढं माझ्या कानावर आलं आणि मी कळ ओढली. तेव्हा क्षय म्हणजे काय होतं हे आजच्या वाचकाला सांगायला हवं. नुसत्या संशयाने घराची पायरी चढायचं लोक टाळत. मुलीचंच नाही, तिच्या धाकट्या बहिणींचंही जमत नसे.

पुढच्याच आठवड्यात डॉक्टर स्वतः एक्स्चेंजवर आले. त्यांच्याबरोबर मास्तर होते, टोपी हातात घेऊन, भिंतीकडे बघत उभे. डॉक्टर माझ्याशी कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते आणि तेव्हाही बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

"सय्यद, संगमनेरच्यांनी सोयरीक मोडली. मुलीला क्षय आहे असं त्यांना कळलं. मी हे फक्त एकाच ठिकाणी बोललो होतो, आणि जोडून देणारे तुम्ही होतात."

"मी सांगितलं नाही" एवढंच म्हणालो. मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. त्या दाराकडे नुसतं बोट दाखवलं असतं तरी माझी सुटका झाली असती आणि मग तुरुंगाची सोय झाली असती. डॉक्टर म्हणाले, "मग वाऱ्याने सांगितलं असेल." जाताना मास्तरांनी मला नमस्कार केला, सवयीने. मला तो अजून सलतो.

गाव लहान. चार दिवसांत बोर्ड गप्प झाला. झडपा पडायच्या त्या फक्त लष्कराच्या आणि कचेरीच्या. कापडबाजारातले शेठ आता फोन करण्याऐवजी गडी पाठवत. पोस्टमास्तरांनी बोलावून सांगितलं की तक्रार आली आहे, चौकशी होईल आणि नोकरी राहील असं समजू नका. घरी वडिलांना हे सांगायचं धैर्य मला झालं नाही. त्यांच्या हाताला त्या दिवशी हिरवा रंग होता हे मात्र आठवतं.

जमादाराला मी सरळ विचारलं. त्यानेही सरळ सांगितलं. संगमनेरचा तो मुलगा त्याच्या बहिणीच्या दिराचा.

"सांगितलं म्या. पोराचा संसार उभा राहायच्या आधीच मोडला असता. कानानं ऐकलं आन गप बसू?"

"आणि नाव माझं गेलं त्याचं काय?"

त्याने फोनवरच्या पट्टीची गाठ उगाच आवळली. मग म्हणाला, "तुमचं नाव मधी येतंय हे माझ्या ध्यानातच न्हाई आलं, इब्राहिमभाई." आणि ते खरं होतं. त्याने भलं केलं असंच त्याला वाटत होतं. चोरून ऐकणाऱ्याने खंडणी मागितली असती तर मला समजलं असतं. माया आली म्हणून त्याने एका मुलीचं आयुष्य उधळलं, हे मला आजही पुरतं समजत नाही. आम्हाला शपथ होती. त्याला फक्त पगार होता आणि कापूस होता.

त्या रात्री मी काही ठरवलं वगैरे नाही. सकाळी नेहमीसारखा बॅटऱ्यांच्या भांड्यांत पाणी घालायला गेलो. जमादार बाहेर चूळ भरत होता. फोन खुर्चीवर होता. मी पट्टी सोडली, बोळा उपसला, कोटाच्या खिशात घातला आणि पट्टी होती तशी बांधली. हातांना एवढा घाम फुटला होता की गाठ नीट बसेना. कोणाला एक शब्द सांगायची मला मनाई होती, आणि मी सांगणारही नव्हतो. मला एवढंच ठाऊक होतं की हा माणूस ऐकताना गप्प राहू शकत नाही.

तो दिवस कोरडा गेला. दुसराही. तिसऱ्या दिवशी दुपारी पुण्याहूनच ट्रंक आला, डॉक्टर कुलथ्यांसाठी. मी जोडून दिला, बटण दाबलं. आवाज बसला. त्या दिवशी मी कळ मागे ओढली नाही. नोकरीत मुद्दाम ऐकलं ते तेवढंच.

पुण्याचे डॉक्टर सांगत होते की थुंकीची पुन्हा पुन्हा तपासणी केली, काही सापडलं नाही. फोटोतला डाग जुन्या न्यूमोनियाचा. मुलीला क्षय नाही. डॉक्टर कुलथ्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे बिचारीचं लग्न उगाच मोडलं."

आणि तारेवर तिसरा आवाज आला. घोगरा, घाबरलेला, पाथर्डीकडचा.

"डागतर, खरं का वो? न्हाई का तिला?"

पुण्याचे डॉक्टर "हॅलो, हॅलो" करू लागले. मागच्या खोलीत फोन आपटल्याचा आवाज झाला आणि तारेवरचा आवाज एकदम मोठा आणि स्वच्छ झाला. डॉक्टर कुलथ्यांनी दांडा फिरवला. झडप पडली.

"सय्यद, लाइनवर कोण होतं?"

"डॉक्टरसाहेब," मी म्हटलं, "मी नव्हतो."

मग नेहमीच्या आवाजात ते म्हणाले, "आभारी आहे, सय्यद." मला बोर्डावर डोकं ठेवून रडू आलं. खोटं कशाला सांगू?

पुढचं झपाट्याने झालं. वर्तमानपत्रांत तेव्हा असलं काही छापून येण्याची सोय नव्हती. डॉक्टरांनी ते तोंडीच छापलं. फोन असलेल्या एकेकाच्या घरी जाऊन ते सांगत की ट्रंकवर आवाज बसला की समजा, तिसरा आला. आठवड्याच्या बाजारापर्यंत गोष्ट पारनेरला पोचली होती. जोड्यांवाल्या वकीलसाहेबांनी कलेक्टरकडे अर्ज केला. मग चौकशी बसली, पण माझी नव्हे. बोळा कुठे गेला याची.

इंजिनीअरसाहेब आले, पोलिसांचे एक मोठे साहेब आले. टेबलावर तो फोन, उघड्या तोंडाचा. आम्ही दोघं समोर उभे. बोळा अजून माझ्या कोटाच्या खिशात होता. फेकायला जागा सापडली नव्हती, प्रत्येक ठिकाणी कोणीतरी बघतंय असं वाटायचं. साहेबांनी विचारलं, हा बोळा कोणी काढला? मी तोंड उघडणार तोच जमादार एक पाऊल पुढे झाला.

"म्या काढला, साहेब. उकडत हुतं. घाम पुसाया घेतला."

साहेबांना ते पटलं. अडाणी जमादार असंच करणार, ही त्यांची खात्रीच होती. त्याच्या दंडावरच्या फिती उतरवल्या आणि त्याला आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या एका चौकीवर धाडलं. मला ताकीद, कशाबद्दल ते लिहिलं नव्हतं.

जायच्या दिवशी तो एक्स्चेंजवर आला. मी विचारलं की हे तुम्ही अंगावर का घेतलंत?

"फोन आपटल्यावर गाठ बघितली, तवाच वळखलं," तो म्हणाला. "माझी गाठ बैलाच्या दाव्याची असती. तुमची पोरीच्या रिबिनीवानी हुती."

"मग सांगायचं होतं."

"काय सांगू? बोळा तुमी काढला, पर तोंड माझंच उघडलं ना. तवाबी आन संगमनेरातबी."

वाटेत तो संगमनेरला उतरला आणि त्या घरी जाऊन सगळं सांगून आला, हे मला डॉक्टरांकडून कळलं. ते लोक पुन्हा नेवाशाला गेले. मास्तर तयार होते. सुमनने नकार दिला. ऐकीव गोष्टीवर सोयरीक मोडणाऱ्या घरात मी कायमच कान देऊन बसलेली असेन, असं ती म्हणाली म्हणे. पुढे तिचं पुण्याला चांगलं झालं. मी तिला कधी पाहिलं नाही. तिचा आवाजही कधी ऐकला नाही.

बोर्ड पुन्हा बोलू लागला, मागच्या खुर्चीवरही दुसरा माणूस आला. पण लोक शहाणे झाले होते. ट्रंकवर आवाज बसला की नगरचा व्यापारी लगेच पाऊसपाण्याचं बोलायला लागे. सरकारला त्या वर्षांत नगर जिल्ह्याच्या पावसाची जेवढी माहिती मिळाली तेवढी कधीच मिळाली नसेल. तारा तोडणारे त्यातून सापडले का? मी असेपर्यंत एकही नाही. ते फोनवर बोलतच नव्हते. त्यांच्याकडे फोन कुठे होते?

स्वराज्य आलं तेव्हा मला वाटलं, आता ती खुर्ची निघेल. खोलीला कुलूप काही महिने होतं खरं. मग निजामाच्या हद्दीवर गडबड सुरू झाली. आपली हद्द जवळ, भीती खरी होती. गावांत जाळपोळ होत होती, माणसं मरत होती. ऐकायला कोणी नको असं मी तेव्हाही म्हणालो नसतो. खोली उघडली. नवा माणूस आला आणि त्याच्याबरोबर नवं यंत्र. डोक्यावर चढवायचं, दोन्ही कानांना. इंजिनीअरने मला ते कौतुकाने दाखवलं. या वेळचे इंजिनीअर आपले होते. मी ते हातात घेऊन उलटसुलट बघितलं. त्याला तोंडच नव्हतं.

थोड्याच दिवसांनी आमच्या मोहल्ल्यातल्या माझ्या चुलत्यांनी निजामाच्या हद्दीतल्या औरंगाबादला ट्रंक मागितला. त्यांची मुलगी तिकडे दिलेली, बाळंतपणाला आणायची होती. माझ्या यादीत त्यांचं नाव आलेलं होतं. बटण मीच दाबलं, ते कामच होतं. आवाज बसला. चुलते ओरडून सांगत होते, "माल नाजूक आहे, जपून आणा, वाटेत थांबू नका." ते लेकीला थट्टेने नेहमीच माल म्हणायचे.

मागच्या खोलीत काहीच हलत नव्हतं. मी कळ धरून वाट बघत राहिलो, कोणीतरी घोगऱ्या आवाजात "खरं का वो?" असं विचारील म्हणून. कोणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस चुलत्यांना घेऊन गेले.